कोड न शिकता सॉफ्टवेअरचा धंदा: दरमहाची वर्गणी, दरमहाचा वादा

वर्गणी म्हणजे काय, हे मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. आपण वर्षाचे पैसे आधी देता आणि दर महिन्याला अंक घरी येईल, असा भरवसा ठेवता. अंक आला नाही की आपण विचारणा करता आणि ती करायलाच हवी. सॉफ्टवेअरचाही असाच एक धंदा आहे. त्यात माल एकदा विकून मोकळे होता येत नाही. ग्राहक दरमहा ठरलेले पैसे देतो आणि सॉफ्टवेअर दररोज चालत राहावे, ही त्याची अपेक्षा असते. इंग्रजीत त्याला सबस्क्रिप्शन म्हणतात. आपण वर्गणीच म्हणू या.

हा विषय आज घेण्याचे कारण आहे. आपल्या घरांतून बी.कॉम. झालेली मुले, लग्नानंतर घरी असलेल्या शिकलेल्या मुली, आखातातून परत आलेले भाऊ असे अनेक जण घरबसल्या काही करता येईल का, याच्या शोधात आहेत. मोबाइल उघडला की जाहिरात समोर येते: कोडिंगची एक ओळ न शिकता सॉफ्टवेअर बनवा आणि महिन्याला लाखो कमवा. त्यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा भाग कोर्स विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. खरे काय आणि खोटे काय, हे घरातले पैसे गुंतवण्याआधी कळलेले बरे.

ही सोय आली कुठून

कोड न लिहिता संगणकाकडून काम करून घेणे नवे नाही. 1979 साली ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क नावाचा कार्यक्रम आला. रकाने आणि ओळींची ती पहिली गाजलेली स्प्रेडशीट. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलत. हिशेबनीसाला प्रोग्रामरकडे जायची गरज उरली नाही. आज दुकानात जी एक्सेल वापरतात, ती त्याच वाटेने पुढे आली.

1999 साली अमेरिकेत सेल्सफोर्स ही कंपनी सुरू झाली. सॉफ्टवेअर डब्यातून विकत घेऊ नका, इंटरनेटवरून भाड्याने वापरा, हे तिचे सांगणे होते. मासिक वर्गणीचे सॉफ्टवेअर रुळवण्यात तिचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोने 2006 सालीच झोहो क्रिएटर आणले. त्यात फॉर्म आणि तक्ते जुळवून स्वतःचे छोटे सॉफ्टवेअर उभे करता येते. 2012 मध्ये न्यूयॉर्कला बबल सुरू झाले. त्याच्यावर पडद्यावर बटणे, चौकटी मांडून आणि "हे दाबले की ते व्हावे" असे नियम लावून पूर्ण वेब ॲप बनते. पुढे ग्लाइड, सॉफ्टर, एअरटेबल, फ्लटरफ्लो अशी बरीच साधने आली. 2020 मध्ये गुगलने ॲपशीट विकत घेतले.

गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी एक बदल झाला. लव्हेबल, रेप्लिट यांसारख्या साधनांना आपल्याला काय हवे ते साध्या भाषेत सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून ॲप समोर ठेवते. फेब्रुवारी 2025 मध्ये आंद्रे कार्पाथी या संगणकतज्ज्ञाने या पद्धतीला व्हाइब कोडिंग हे नाव दिले आणि ते सर्वांच्या तोंडी झाले.

म्हणजे बांधणी स्वस्त झाली. पण जी गोष्ट सर्वांना स्वस्त झाली, तिच्यात आपले वेगळेपण उरत नाही. आपले भांडवल दुसरीकडे शोधावे लागते.

भांडवल म्हणजे अडचणीची ओळख

एक उदाहरण घेऊन चालू या. मुंब्र्यात किंवा भिवंडीत घरून डबे देणारी एक खाला आहे, असे समजा. तिच्याकडे 35 डबे आहेत, एक डबा 80 रुपयांचा. कोणी शुक्रवारी डबा घेत नाही, कोणी गावी जातो, कोणी रात्री अकराला मेसेज टाकतो की उद्या नको. या खाड्यांची नोंद कधी वहीत होते, कधी कॅलेंडरवर, कधी होतच नाही. महिनाअखेरीस वाद होतो: "खाला, माझे चार खाडे होते, तुम्ही दोनच धरले." दहा ग्राहकांचे दोन-दोन खाडे इकडचे तिकडे झाले, तर 20 डबे म्हणजे 1,600 रुपयांचा प्रश्न. त्यात मनाला होणारा त्रास वेगळा.

आता या खालाला खाड्यांचा हिशेब चोख ठेवणारे, मराठीत किंवा उर्दूत चालणारे, मोबाइलवर दोन बोटांनी वापरता येणारे काही मिळाले, तर ती महिन्याला 199 रुपये देईल का? 1,600 रुपयांची गळती थांबत असेल, तर देण्याचा संभव आहे. इथे धंदा सुरू होतो.

बाजारात खाताबुक आहे, व्यापार आहे, उधारी आणि बिलांची अनेक ॲप आहेत. त्यांच्याशी आपण टक्कर घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण शाबानच्या 29 तारखेला संध्याकाळी काय होते, हे त्या कंपन्यांच्या हिशेबात नसते. चाँद दिसला, तर उद्यापासून दुपारचे डबे बंद आणि इफ्तारचे किंवा सेहरीचे सुरू. नाही दिसला, तर आणखी एक दिवस दुपारचाच डबा. रमजान दर वर्षी इंग्रजी कॅलेंडरात दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे तारीख आधीच टाकून ठेवता येत नाही. 35 ग्राहकांपैकी 20 रोजेदार आणि 15 इतर, अशी विभागणी एका बटणावर उलटवता आली पाहिजे. हे ज्याने घरात अम्मीला करताना पाहिले आहे, त्याला कोणी शिकवायला नको. हीच ओळख आपले भांडवल.

डबे हे एक उदाहरण. आपल्या आसपास अशा अडचणी पुष्कळ आहेत. मकतब किंवा ट्यूशनची फी, तीन भावंडांची सवलत धरून. शिलाई करणाऱ्या आपांकडची मापे आणि ईदआधीच्या ऑर्डरींच्या तारखा. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवरची कामगारांची आठवड्याची मजुरी आणि उचल. मंडप-भांड्यांच्या भाड्याचा हिशेब, कोणती देग कोणाकडे गेली आणि किती परत आली. यांपैकी जी अडचण आपल्याला रोज दिसते ती घ्यावी. लांबून पाहिलेल्या धंद्याचे सॉफ्टवेअर बनवायला जाऊ नये; दुरून डोंगर साजरे.

आधी हाताने करून पाहा

साधन निवडण्याची घाई सगळ्यांनाच होते. ते शेवटी करावे. आधी महिनाभर हेच काम हाताने करून द्यावे. पाच डबेवाल्या भगिनी गाठाव्यात. त्यांनी खाड्यांचे मेसेज आपल्याला पाठवावेत, आपण ते गुगल शीटमध्ये टाकावेत आणि महिनाअखेरीस प्रत्येक ग्राहकाचे बिल व्हॉट्सॲपवर द्यावे. यात कोड नाही, ॲपही नाही. पण महिन्याभरात जे कळते, ते बाहेर बसून कधी कळत नाही. खाडा कितीपर्यंत कळवला तर धरायचा, याचा प्रत्येकीचा नियम वेगळा असतो. कोणी अर्धा डबा देते. कोणाकडे पैसे आगाऊ असतात, कोणाकडे महिनाअखेरीस.

महिना झाल्यावर पैसे मागावेत. "छान आहे, बनव" असे सगळे म्हणतात, विशेषतः नात्यातले. पण खरा निकाल 199 रुपये हातात पडतात तेव्हाच लागतो. किंमत सांगताना लाजू नये. ताकाला जाऊन भांडे लपवण्याने दोघांचेही नुकसान होते.

ही रीत मोठ्यांनीही वापरली आहे. सोशल मीडियावर ठरलेल्या वेळी पोस्ट टाकणारे बफर हे सॉफ्टवेअर आज जगभर चालते. 2010 साली त्याच्या संस्थापकाने, जोएल गॅस्कॉइनने, सॉफ्टवेअर बनवण्याआधी साधी दोन पाने इंटरनेटवर ठेवली. पहिल्यावर कल्पना, दुसऱ्यावर "अजून तयार नाही, ईमेल द्या." लोकांनी ईमेल दिले, तेव्हा त्याने मध्ये किमतींचे एक पान घातले. पैसे लागतील हे पाहूनही काही जण पुढे गेले. मग त्याने बांधायला घेतले. नव्या वस्तूंची ओळख करून देणारे प्रॉडक्ट हंट 2013 मध्ये रायन हूव्हरने नुसत्या ईमेल यादीने सुरू केले होते.

पाचांपैकी तिघींनी पैसे दिले, तर पुढे जावे. एकीनेही दिले नाहीत, तर एक महिना गेला आणि घरातली जमा जागेवर राहिली. हा तोटा नव्हे.

बांधणी कशी करावी

आता साधन. कोणतेही घेतले, तरी आतली रचना सारखीच असते आणि ती कागदावर आधी काढावी.

पहिली गोष्ट तक्ते. आपल्या उदाहरणात चार पुरतात: डबेवाली, तिचे ग्राहक, रोजची नोंद आणि महिन्याचे बिल. प्रत्येक ग्राहक कोणत्या डबेवालीचा, हे त्याच्या ओळीत नोंदलेले असावे. प्रत्येक नोंदीत तारीख, ग्राहक आणि "गेला" की "खाडा" एवढेच. बिल कोणी लिहायचे नाही. ते नोंदींवरून निघते. ही मांडणी चुकली तर पुढे कितीही सुंदर पडदे काढले, तरी हिशेब जुळत नाही.

दुसरी गोष्ट पडदे. खालाला तीनच लागतात: आजची यादी, ग्राहकांची यादी, महिन्याचा हिशेब. आजच्या यादीत सगळ्यांपुढे "गेला" आधीच धरलेले असावे आणि ज्याचा खाडा असेल त्यालाच हात लावावा लागावा. 35 वेळा बोट दाबायला लावले, तर चौथ्या दिवशी ती वहीकडे परत जाईल. अक्षरे मोठी, शब्द तिचे. "सबस्क्राइबर" नको, "ग्राहक" हवे. "पॉज" नको, "खाडा" हवे. उर्दूत पडदे द्यायचे असतील, तर ती उजवीकडून डावीकडे वाचली जाते आणि सगळीच साधने ते नीट दाखवत नाहीत. निवडण्याआधी एक पान करून पाहावे.

तिसरी गोष्ट आपोआप होणारी कामे. महिन्याच्या शेवटच्या रात्री बिले तयार व्हावीत, ग्राहकाला संदेश जावा. बऱ्याच साधनांत ही सोय असते. नसेल तर झॅपियर किंवा मेक यांसारखी जोडणी करून देणारी साधने आहेत. व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे साधे ॲप फुकट आहे, पण सॉफ्टवेअरमधून आपोआप संदेश पाठवायचे तर त्याची वेगळी सेवा लागते आणि तिला पैसे पडतात. सुरुवातीला खालाने स्वतः एक बटण दाबून बिल पुढे पाठवणे पुरेसे आहे.

पहिल्या आवृत्तीत याहून काही घालू नये. फोटो, ऑफर, मेनू, तारांकने यांचा मोह होतो. प्रत्येक जादा सोय म्हणजे उद्या बिघडू शकणारी आणखी एक जागा.

दुसऱ्याचा डेटा ही अमानत

या धंद्यात जे सर्वांत नाजूक आहे, ते जाहिरातींत कधी सांगितले जात नाही. खालाच्या 35 ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर आणि कोण कधी घरी नसतो याची नोंद आता आपल्याकडे आहे. त्यात एकट्या राहणाऱ्या मुली असतील, नोकरीसाठी आलेली मुले असतील. ही अमानत आहे. भारतात 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली. "मला कोडिंग येत नाही" हे उत्तर तिथे चालणारे नाही.

साधने ॲप पटकन उभे करतात; पण कोणी काय पाहू शकतो, याचे नियम आपल्यालाच लावावे लागतात. बबलमध्ये त्यासाठी गोपनीयतेच्या नियमांचे वेगळे पान आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या ॲपमध्ये डेटाच्या प्रत्येक ओळीवर कोणाचा हक्क, हे सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर ॲप दिसायला बरोबर चालते, पण एकीचा हिशेब दुसरीला दिसू शकतो.

याची पहिली तपासणी करायला तंत्रज्ञ लागत नाही. दोन फोन घ्या. एकावर एका नावाने खाते उघडा, दुसऱ्यावर दुसऱ्या नावाने. पहिल्यावर दहा ग्राहक टाका. दुसऱ्यावर शोधून पाहा, यादी उलटून पाहा, पहिल्या फोनवरच्या ग्राहकाच्या पानाचा पत्ता दुसऱ्यात टाकून पाहा. एकही नाव दिसले, तर ते दुरुस्त होईपर्यंत कोणाची माहिती आत घेऊ नये. त्यानंतरही एखाद्या जाणकाराला दोन-तीन तासांचे पैसे देऊन एकदा आतून तपासून घ्यावे. कोडिंगशिवायच्या धंद्यात कोडिंग जाणणाऱ्यावर केलेला हा एवढा खर्च सार्थकी लागतो.

शिवाय जे लागत नाही ते विचारू नये. डब्यासाठी जन्मतारीख आणि आधार क्रमांक कशाला हवा? जी माहिती आपल्याकडे नाही, ती चोरीला जात नाही.

पैसे घेण्याची रीत

पहिल्या दहा ग्राहकांकडून यूपीआयने दरमहा हाताने पैसे घेतले तरी चालते. संख्या वाढली की पेमेंट गेटवे लागतो. त्यासाठी पॅन, बँक खाते आणि वेबसाइटवर अटी, पैसे परत करण्याचे नियम व संपर्काचा पत्ता असावा लागतो. गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो.

दरमहा आपोआप पैसे कापण्यासाठी जुलै 2020 पासून यूपीआय ऑटोपे आहे. कार्ड असो वा यूपीआय, रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत: ग्राहकाने सुरुवातीला स्वतः मंजुरी द्यावी, प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी त्याला सूचना जावी आणि मंजुरी केव्हाही मागे घेता यावी. बहुतेक वर्गण्यांसाठी 15,000 रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही.

इथे धंद्याची नियत दिसते. काही वर्गण्या सुरू करायला एक बटण असते आणि बंद करायला दहा पाने. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत 13 प्रकार सांगितले असून वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक आहे. आमचे म्हणणे साधे आहे. वर्गणी ज्या पानावर सुरू होते, त्याच पानावर ती बंद करण्याचे बटण असावे आणि जाताना ग्राहकाला तिचा सगळा हिशेब फाइल करून हातात द्यावा. विसरून राहिलेल्या ग्राहकाच्या खात्यातून येणाऱ्या पैशांत बरकत नाही.

सरकारी बाजू फार अवघड नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि सॉफ्टवेअर सेवेवर कर 18 टक्के आहे.

आता हिशेब मांडू

समजा 199 रुपयांप्रमाणे 40 डबेवाल्या झाल्या. महिन्याला 7,960 रुपये. साधनाची वर्गणी 2,500 धरू, संदेशांचे 600 आणि गेटवेचे कर धरून सुमारे 188. हाती 4,672 रुपये राहतात. प्रत्येकीला महिन्यात 20 मिनिटे फोनवर समजवावे लागले, तर तेच 13 तासांहून अधिक होतात. दारोदार जाऊन दाखवण्याचा वेळ वेगळा. जाहिरातीतले लाखो रुपये इथे कुठे दिसत नाहीत. पण घरखर्चाला लागणारा हातभार म्हणून हा आकडा खोटाही नाही आणि ग्राहक दुप्पट झाले तर खर्च त्या मानाने दुप्पट होत नाही.

खरा आकडा मात्र दुसरा आहे: दरमहा किती जणी सोडून जातात. 40 पैकी दर महिन्याला दहा टक्के गेल्या आणि नवी एकही आली नाही, तर वर्षअखेरीस अवघ्या 11 उरतात. तीन टक्केच गेल्या तर 28 उरतात. पहिल्या घरी एक ग्राहक सरासरी दहा महिने टिकते, म्हणजे तिच्याकडून साधारण 2,000 रुपये येतात. दुसऱ्या घरी ती 33 महिने टिकते आणि तीच रक्कम 6,600 च्या घरात जाते. माल तोच, किंमत तीच. फरक पडतो तो फोन उचलण्याने, चूक त्याच दिवशी दुरुस्त करण्याने, रमजानच्या आदल्या रात्री जागे राहण्याने. म्हणून आम्ही या वर्गणीला वादा म्हणतो.

भाड्याचे घर

एक धोका आधीच माहीत असावा. कोडिंगशिवायच्या साधनावर बांधलेले ॲप म्हणजे भाड्याच्या जागेत थाटलेले दुकान. बबलवर बनवलेले ॲप कोडच्या रूपात बाहेर काढून दुसरीकडे चालवता येत नाही. डेटा तेवढा काढता येतो. 2023 मध्ये बबलने आकारणीची पद्धत बदलून कामाच्या भारावर पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. मालकाने भाडे वाढवले, तर आपल्याला एक तर द्यावे लागते, नाही तर सामान हलवावे लागते.

यासाठी तीन सवयी ठेवाव्यात. दर आठवड्याला सगळा डेटा काढून आपल्याकडे ठेवावा. तक्ते आणि नियम कागदावर लिहून ठेवावेत, म्हणजे उद्या दुसऱ्या साधनावर तेच पुन्हा बांधता येईल. आणि वेबसाइटचे नाव व पेमेंटचे खाते स्वतःच्या नावावर असावे. मुलगा बनवतो आणि खाते त्याच्या मित्राच्या ईमेलवर, असे होऊ देऊ नये. काही साधने प्रत्येक वापरणाऱ्यामागे पैसे घेतात. कार्यालयातल्या दहा माणसांसाठी ती ठीक, पण दारोदारच्या ग्राहकांना विकायला परवडत नाहीत. निवडताना 200 ग्राहकांवर खर्च किती येईल, हे आधी मोजावे.

सुरुवातीचा दिवस

उद्घाटनाचा गाजावाजा नको. ज्या पाच जणींनी हाताने केलेल्या कामाचे पैसे दिले, त्यांनाच आधी ॲपवर घ्यावे. दोन आठवडे वही आणि ॲप दोन्ही चालवावेत आणि हिशेब ताडून पाहावेत. जुळले, तर त्या पाच जणींनाच विचारावे की आणखी कोणाला दाखवू. डबे देणाऱ्या बायका एकमेकींना ओळखतात. एकीने "माझा वाद मिटला" असे सांगणे हे हजार रुपयांच्या जाहिरातीपेक्षा जास्त चालते. नवा ग्राहक महिन्याच्या एक तारखेला घ्यावा, म्हणजे अर्धवट हिशेबाची गल्लत होत नाही. पहिले वर्ष असेल, तर रमजान सुरू व्हायला किमान दोन महिने असताना सुरुवात करावी. ऐन गर्दीत कोणी नवी गोष्ट शिकत नाही.

घरातही कामे वाटून घ्यावीत. मुलगी तक्ते सांभाळेल, भाऊ दारोदार जाऊन दाखवेल, पण फोन कोण उचलणार हे ठरलेले असावे. डबेवालीला बऱ्याचदा बाईशीच मोकळेपणाने बोलता येते, आणि इथे घरातल्या मुलीची जागा कोणताही मोठा कॉल सेंटर घेऊ शकत नाही. मात्र ती हे काम करत असेल, तर खात्यावर नाव आणि कमाईत वाटा तिचाही असावा. घरचे काम म्हणून तिची मेहनत फुकट धरू नये.

दागिना कपाटातच राहू द्या

शेवटी, सुरुवातीच्या जाहिरातींविषयी. 20-25 हजारांचा कोर्स, त्यासाठी हप्ते, वर "निकालाची हमी". ही साधने वापरायला शिकवणारी माहिती त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट आहे, आणि जवळपास सर्वांचा बिनपैशाचा आरंभीचा टप्पा असतो. या धंद्याच्या पहिल्या दोन महिन्यांना मोबाइल, इंटरनेट, एक वही आणि जाण्या-येण्याचे भाडे याहून जास्त भांडवल लागत नाही. जो माणूस यासाठी अम्मीचा दागिना गहाण टाकायला किंवा व्याजाने पैसे उचलायला सांगतो, त्याला नम्रपणे सलाम करून परत पाठवावे. बीसी लागली म्हणून ती रक्कमही यात ओतू नये. आधी पाच ग्राहकांचे पैसे येऊ द्यावेत आणि पुढचा खर्च त्यातून करावा.

धंदा चालला नाही, तरी तो रीतीने बंद करता येतो. ग्राहकांना महिनाभर आधी कळवावे, त्यांचा हिशेब त्यांच्या हाती द्यावा, आगाऊ घेतलेले पैसे परत करावेत आणि मग त्यांची माहिती पुसून टाकावी. असा बंद केलेला धंदा पुढच्या धंद्याची साख बनतो, कारण त्याच मोहल्ल्यात, त्याच लोकांकडे आपल्याला पुन्हा जायचे असते.

ज्यांना हे करून पाहावेसे वाटते, त्यांनी या आठवड्यात एकच काम करावे. ओळखीतल्या एखाद्या डबेवालीकडे, शिलाईवाल्या आपांकडे किंवा मकतबच्या मौलानांकडे अर्धा तास बसावे आणि विचारावे: "तुमची हिशेबाची वही जरा दाखवता का?" त्या वहीत जिथे खाडाखोड जास्त दिसेल, तिथून सुरुवात करावी.